धर्म कोणता आणि वहिवाट कोणती?

कोणत्याही धर्मसमाजात सुधारणेचा प्रश्न निघाला म्हणजे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एकाच्या मते जे जुने तेवढे सर्व धर्म. दुसऱ्याच्या मते जे जुने तेवढे सर्व जोखड. हिंदु समाजातील हा तंटा आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पण ख्रिस्ती मंडळ्यांतही तो कमी निकराने चाललेला नाही. वेदीपाशी समई लावावी की मेणबत्ती, भजनास टाळमृदंग चालावा की नाही, स्त्रियांनी मंडळीच्या कारभारात कोठवर यावे, ह्या प्रश्नांस कित्येक ठिकाणी 'हे आमच्या धर्मात बसत नाही' एवढेच ठराविक उत्तर मिळते. हा त्या समाजाच्या घरचा प्रश्न, त्यात इतरांनी का पडावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे इतकेच की, महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाज हा महाराष्ट्राचाच एक अवयव आहे, आणि त्याच्या घरातील विचाराचा निकाल इतर घरांसही उपयोगी पडण्यासारखा आहे.

मूळ कायदा आणि जाब्ता ह्यांतील भेद कायद्याच्या विद्यार्थ्यास आरंभीच शिकविला जातो. हक्क कोणता हे मूळ कायदा सांगतो. तो मागावा कसा हे जाब्ता सांगतो. जाब्ता बदलल्याने हक्क बुडत नाही. उलट जाब्ता आडमुठा राहिला तर हक्क असूनही तो पदरात पडत नाही. धर्माची गोष्ट अशीच आहे. देवाची सर्वांवर सारखी कृपा, शेजाऱ्यावर प्रीती, अपराध्यास क्षमा, ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान, हा ख्रिस्ती धर्माचा मूळ कायदा. उपासनेची भाषा, वाद्ये, वस्त्रे, बसण्याउठण्याची रीत व पंचमंडळाची रचना हा जाब्ता होय. परंतु खरी अडचण पुढेच आहे. अमुक गोष्ट कायद्यात मोडते की जाब्त्यात, हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून?

ह्या प्रश्नाचा पहिला निवाडा ख्रिस्ती शास्त्रातच नमूद आहे. इ. स. ५० च्या सुमारास यरुशलेम येथे पेत्र, पौल, बर्णबा, याकोब आदिकरून मंडळी जमली. यहुदी नसलेल्या नव्या शिष्यांनी सुंता करून घेतलीच पाहिजे काय, असा वाद होता. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, सुंता ही मागाहून घुसडलेली रूढी नव्हती. तिला शास्त्राचा लेखी आधार होता. तरीही त्या सभेने ती अट काढून टाकली. पण मूर्तींचा नैवेद्य व व्यभिचार ह्यांपासून दूर राहण्याचे बंधन कायम ठेवले. जोखड उतरविले, पण नीती सैल केली नाही. देव जर भेदभाव करीत नाही, तर आपण आड का यावे, हे त्या निवाड्याचे बीज आहे. त्यातून दोन कसोट्या निघतात. बदलाने ख्रिस्ताची शिकवण माणसांच्या अधिक जवळ जाते काय? आणि त्याने माणसामाणसांतील भिंत पडते की चढते?

भाषेच्या प्रश्नास पहिली कसोटी लावून पाहू. इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापविले. परक्या देशातून आलेल्या ह्या गृहस्थास जे कळले, ते राज्यकर्त्यांस कळले नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे असा हुकूम काढला. त्या हुकुमात ख्रिस्ताचे काय होते? काहीच नव्हते, होती ती सत्तेची हाव. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर, अभंग व कीर्तन ह्यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. टिळकांची पदे आजही मराठी मंडळ्या गातात. त्यांनी कोणाची श्रद्धा ढळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. रोमन कॅथलिक पंथाने तर ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, उपासनेत देशभाषांस वाट मोकळी करून दिली. आणि १९६९ साली हिंदुस्थानातील उपासनेकरिता मांडी घालून बसणे, हात जोडणे, तेलाचा दिवा, आरती इत्यादि बारा गोष्टींस रोमची मान्यता मिळाली. तेव्हा 'हे तर हिंदूंचे' अशी ओरड झाली. पण समईच्या वातीस जात किंवा धर्म चिकटलेला नसतो. मेणबत्ती तरी बेथलेहेमच्या गोठ्यातून आली होती काय?

परंतु जे स्वदेशी ते सर्व ग्राह्य, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. राष्ट्राभिमान्यांनी येथेच सावध राहिले पाहिजे. जातिभेद हाही स्वदेशीच आहे! १६०६ साली मदुरेस आलेले रॉबर्ट डी नोबिली ह्यांनी संन्याशाचा वेष व आचार पत्करला, ह्यात दोष नव्हता. पण त्याच मिशनात पुढे वरच्या वर्णांकरिता निराळे व अस्पृश्य गणलेल्यांकरिता निराळे पाद्री राहू लागले. लोकांस सोयीचा म्हणून केलेला हा बदल दुसऱ्या कसोटीस मुळीच उतरत नाही. त्याचे विष अद्याप गेलेले नाही; चर्चमध्ये अस्पृश्यता व भेद चालतात हे हिंदुस्थानातील कॅथलिक बिशपांनी २०१६ सालच्या आपल्या धोरणपत्रात स्वतः कबूल केले आहे. जेथे स्मशानातही भिंत आहे, तेथे आरतीची शोभा काय करावयाची?

आता स्त्रियांचा प्रश्न. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याने ख्रिस्ती पतीस पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होई. पत्नीस मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम दुसरा अपराधही शाबीत करावा लागे. ही विषमता ज्या विलायतेहून आली, तेथे ती १९२३ साली काढून टाकण्यात आली. आमच्या ख्रिस्ती भगिनींच्या मानेवरून ती उतरावयास २००१ साल उजाडावे लागले. ह्यास 'ख्रिस्ती कायदा' म्हणत! विवाहबंधनाविषयी ख्रिस्ताची शिकवण कडक आहे हे निर्विवाद. पण मार्काच्या दहाव्या अध्यायात पुरुषास व स्त्रीस एकच माप लावलेले आहे. दुहेरी माप पार्लमेंटाचे होते, ख्रिस्ताचे नव्हे.

मंडळीच्या कारभारातही हेच लागू आहे. दक्षिण हिंदुस्थानच्या चर्चने १९७६ साली स्त्रियांस पाळकपदाची दीक्षा दिली व २०१३ साली एका स्त्रीस बिशप केले. रोमन कॅथलिक पंथाने पाळकपद देण्याचा आपणांस अधिकारच नाही असे १९९४ साली जाहीर केले आहे. ह्या वादाचा निकाल त्या पंथाने आपल्या शास्त्राप्रमाणे करावा. परंतु त्याच पंथाने २०२१ साली वाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांस रीतसर खुली केली. मग हिशेब तपासणे, शाळेचा कारभार पाहणे, पंचमंडळात मत देणे ह्यांत कोणता सिद्धान्त आड येतो? पुनरुत्थानाची पहिली साक्ष जिने दिली, त्या मग्दालिया मरीयेची साक्ष स्त्रीची म्हणून अग्राह्य ठरली असती, तर चर्च उभेच राहिले नसते.

सुधारकांसही दोन शब्द सांगणे जरूर आहे. सोय म्हणजे सुधारणा नव्हे. प्रार्थनेची वेळ घटविणे, उपवास टाळणे, श्रीमंत देणगीदारासाठी नियम वाकविणे ह्यांस युगधर्म म्हणू नये. शिवाय बदल करावयाचा तो मंडळीस समजावून. ज्या वृद्ध आजीचे आयुष्य जुन्या गीतावर गेले, तिच्या तोंडचे गीत हिसकावून घेण्यात पराक्रम नाही. १९७० साली नागपुरास सहा पंथ एक होऊन उत्तर हिंदुस्थानचे चर्च स्थापन झाले, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा मानणारे व न मानणारे दोघेही एका छपराखाली आले. कोणासही आपली श्रद्धा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली नाही.

सारांश, पुराव्याचा बोजा दोन्ही पक्षांवर आहे. बदल नको म्हणणाऱ्याने आपण राखतो ती ख्रिस्ताची शिकवण आहे, आजोबांची सवय नव्हे, हे दाखवावे. बदल हवा म्हणणाऱ्याने त्याने भिंत कोणती पडते ते दाखवावे. प्रत्येक मंडळीने येत्या वार्षिक सभेत निदान दोन प्रश्न पटावर घ्यावेत: आमच्या पंचमंडळात स्त्रिया किती, आणि आमच्या स्मशानात वेगळी रांग कोणाची? ह्या दोहोंचे उत्तर खरे देता आले, म्हणजे समई व मेणबत्तीचा तंटा आपोआप मिटेल.