फोनची नोंद आणि घराची अब्रू

२०१८ च्या प्रारंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने एक विलक्षण व्यापार उघडकीस आणला. त्यात विकला जाणारा माल होता लोकांच्या मोबाइलच्या नोंदी. काही खासगी गुप्तहेर पैसे घेऊन त्या ग्राहकांना पुरवीत होते. तपासाचे धागे पुढे यवतमाळपर्यंत आले आणि येथील पोलीस दलातील एका कर्मचाऱ्यास अटक झाल्याचे वृत्तही त्या वेळी प्रसिद्ध झाले. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. मात्र कापसाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याचे नाव अशा व्यापाराशी जोडले जावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या नोंदीस पोलिसांच्या व वृत्तपत्रांच्या भाषेत ‘सीडीआर’ म्हणतात. मोबाइल चालू असला की तो जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवून असतो. आपण कोणाला फोन केला, कोणाचा आला, किती वाजता आला, किती वेळ चालला आणि त्या वेळी आपला फोन कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होता, हे सारे कंपनीच्या संगणकात नोंदले जाते. प्रत्यक्ष बोलणे त्यात नसते. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. बिलाचा हिशेब आणि गुन्ह्यांचा तपास यांसाठी त्या आवश्यक आहेत. अपहृत बालकाचा किंवा फरार आरोपीचा माग काढताना याच नोंदी पोलिसांच्या उपयोगी पडतात.

परंतु जी वही तपासासाठी उपयुक्त, ती भलत्या हाती पडली तर तितकीच घातक ठरते. जुन्या पेढीवर धन्याची खातेवही परक्यासमोर उघडत नसत. कोणाचे देणे किती थकले आहे, हे मुनीम घरीसुद्धा बोलत नसे. बँकेत रुजू होणारा कर्मचारी आजही निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही करतो. खातेदाराच्या ठेवीचा आकडा त्याच्या सख्ख्या भावालाही सांगता येत नाही. मोबाइलची नोंद तर पैशांहून अधिक सांगते. कोण कोणत्या डॉक्टरकडे वारंवार फोन करतो, कोणाचे वकिलाशी बोलणे चालू आहे, रात्री कोण कोठे होते, हे सर्व तिच्यातून कळते.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे फार पूर्वीपासून लक्ष दिले आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या मलकानी खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीविरुद्धचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून मान्य केले; परंतु निरपराध नागरिकाच्या दूरध्वनी संभाषणास बेकायदा हस्तक्षेपापासून संरक्षण मिळेल, असेही त्याच निकालात नमूद केले. १९९६ मध्ये फोन चोरून ऐकण्याच्या सरकारी अधिकारावर न्यायालयाने बंधने घातली आणि अशा आदेशाचा निर्णय गृहसचिवांच्या पातळीवर व्हावा, असे ठरविले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने जाहीर केले. त्या पीठात आपल्या विदर्भाचे, नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. याच निर्णयाचा आधार घेऊन २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले.

२०२३ चा दूरसंचार कायदा याहून स्पष्ट आहे. कंपनीकडील कॉलच्या नोंदी अनधिकृतपणे मिळविणे, किंवा तसा प्रयत्न करणे, हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. नोंद प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मिळविणारा असा कायद्याचा शब्दप्रयोग आहे. मध्यस्थाला पैसे देऊन आपण नामानिराळे राहू, असे समजणाऱ्याने तो नीट वाचावा.

कारण या बाजारातील खरेदीदार कोण असतात, हा खरा प्रश्न आहे. ते नेहमीच गुंड किंवा खंडणीखोर असतात असे नाही. पत्नीवर संशय घेणारा पती, भागीदारीच्या तंट्यात सापडलेला व्यापारी आणि स्थळ पसंत पडल्यावर ‘जरा खात्री करून घेऊ’ म्हणणारे पालक, असे प्रतिष्ठित लोकही गुप्तहेराकडे जाऊ शकतात. लग्न जमविताना चौकशी करणे ही आपली जुनी रीत आहे. दारव्ह्याच्या मुलीची माहिती पुसदच्या मावशीला विचारावी, यात गैर काही नाही. त्या चौकशीत विचारणारा आणि सांगणारा समोरासमोर असतात आणि सांगणाऱ्यावर आपल्या शब्दाची जबाबदारी असते. पैसे मोजून मिळविलेल्या नोंदीत यातले काहीच उरत नाही.

शिवाय अशी नोंद अपुरी असते. एका मुलीच्या फोनवरून एकाच क्रमांकावर महिनाभर रोज रात्री अकरा वाजता फोन गेले आहेत, एवढेच कागद सांगेल. तो क्रमांक आजारी आजीजवळ रात्रपाळीस असलेल्या परिचारकाचा होता, हे तो सांगणार नाही. वाचणारा मात्र आपल्या मनातील संशय त्यात भरून मोकळा होतो. जुळत आलेले स्थळ कारण न सांगता मोडते आणि त्या घराला आपला दोष काय, हे कधीच कळत नाही.

कायदा आपले काम करील. गृहस्थानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. समाजाच्या डायरेक्टऱ्या आणि विवाहेच्छूंच्या परिचय पुस्तिका मोठ्या कष्टाने तयार होतात आणि त्यांनी असंख्य घरे जोडली आहेत. पूर्वी पुस्तिका चार घरांतच फिरत असे; आज तिची पीडीएफ प्रत एका क्षणात कोठेही जाते. मुलीचा मोबाइल क्रमांक, जन्मवेळ, छायाचित्र, पत्ता आणि वार्षिक उत्पन्न एकाच पानावर छापण्याऐवजी पालकांचा क्रमांक आणि गाव एवढेच द्यावे. बाकी माहिती मागणाऱ्याची ओळख पटल्यावर द्यावी. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामापुरती माहिती वापरावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे मूळ तत्त्व आहे. संस्थांनी ते कायद्याच्या धाकाची वाट न पाहता स्वीकारावे.

सिमकार्ड घेताना आधारची छायाप्रत द्यावी लागली, तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहावे. आपल्या नावावर किती जोडण्या चालू आहेत, हे केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी क्रमांक आढळल्यास तेथेच तक्रार नोंदविता येते. घरातील व्यक्तीचे निधन झाल्यावर, अथवा क्रमांक बंद करताना, तो प्रथम बँक, आधार आणि विमा यांतून काढून घ्यावा. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो, आणि मग बँकेचे संदेश परक्याच्या हाती पडतात. विधवा आईचे निवृत्तिवेतनाचे खाते वडिलांच्या जुन्या क्रमांकाशी जोडलेले राहिले असेल, तर मुलाने ते काम या आठवड्यातच उरकावे.

आणि कधी कोणी ‘अमक्याची कॉलची यादी काढून देतो, एवढे पैसे पडतील’ असे सांगत आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. त्याच्याजवळ आज दुसऱ्याच्या घराची यादी असेल; उद्या तीच यादी आपल्या घराची असू शकते.