मुखवट्याला वधाचा अधिकार नाही

ललिता पंचमीला कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे कोहळा फुटतो. कोल्हासुराच्या वधाची ती आठवण. टेकडीच्या अलीकडेच राजारामपुरी, गणेशोत्सवातल्या तांत्रिक देखाव्यांसाठी नावाजलेली. असुराचा वध बघतच इथली पोरं मोठी होतात. त्यामुळे सुपरहिरोंचा विषय निघाला की सवाल ठरलेला असतो: देवीने असुराला मारलं, महाराजांनी अफझलखानाला मारलं, मग बॅटमनच जोकरला दरवेळी जिवंत का सोडतो? जोकर वेड्यांच्या इस्पितळातून पळणार, पुन्हा माणसं मारणार. त्या मेलेल्यांचं पाप बॅटमनच्या माथी नाही का?

प्रश्न खरा आहे. दयामाया, मनाचा मोठेपणा असलं गुळमुळीत उत्तर त्याला पुरत नाही.

आधी जोकरचं बघू. १९३९ साली अवतरलेला बॅटमन सुरुवातीला माणसं मारत असे. १९४०च्या ‘बॅटमन’च्या पहिल्याच अंकात जोकर शेवटी मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना पात्र दमदार वाटलं आणि तो जिवंत असल्याचं दाखवणारं एक चित्र शेवटी जोडलं गेलं. म्हणजे जोकरला पहिलं जीवदान प्रकाशकाच्या गरजेने दिलं. पुढेही तो पळतो, कारण पुढचा अंक खपायचा असतो. कथेच्या आत बोलायचं, तर दोष त्या इस्पितळाच्या दारांचा आणि ती सांभाळणाऱ्यांचा आहे. दारं मजबूत करा म्हणणं सोडून आपण कैद्याला मारा म्हणतो, हे मला पटत नाही.

आता अफझलखान. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली महाराज भेटीला गेले ते राज्याचे धनी म्हणून. वकिलांमार्फत बोलणी झालेली, समोर आदिलशाही फौज उभी. तोंड लपवून कुणी कुणाला गाठलेलं नव्हतं. जे झालं त्याचे सगळे परिणाम महाराजांनी आपल्या नावावर आणि राज्यावर घेतले. खानाची कबरही प्रतापगडाखालीच आहे. अंबाबाईच्या आख्यायिकेतसुद्धा मरणाऱ्या असुराला शेवटची इच्छा मागता येते, आणि देवी ती पुरवते म्हणून हे गाव त्याच्या नावाने ओळखलं जातं. या दोन्ही ठिकाणी मारणाऱ्याला चेहरा आहे. बॅटमनला कुणी नेमलेलं नाही, कुणी निवडलेलं नाही. त्याला जाब विचारायचा तर कुणाच्या दारात जायचं हेही ठाऊक नाही. महाराजांचा दाखला त्याच्यासाठी देणं हा महाराजांवर अन्याय आहे.

शिवाय कॉमिक्समध्ये वाचकाला सगळं दिसतं. खलनायक बॉम्ब कुठे लावतो, कुणाला ठार करतो, मनात काय म्हणतो, सगळं चौकटीत रेखाटलेलं. राज कॉमिक्सचा मुंबईतला डोगा गुंडांना गोळ्या घालतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, कारण चित्रकाराने पुरावा आधीच आपल्या हातात दिलेला असतो. रस्त्यावर असा चित्रकार नसतो.

तिथे पुराव्याशिवाय कुणी न्याय करायला निघालं की काय होतं, त्याची नोंद राजारामपुरी पोलीस ठाण्याच्या दप्तरी आहे. १६ फेब्रुवारी २०१५च्या सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे गेले. गोळ्या कुणी झाडल्या हे न्यायालय ठरवेल. तिथे मी बोलणार नाही. पण ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका लिहिणारा, गरिबांचे खटले लढणारा म्हातारा वकील जगायला लायक नाही, असं कुणीतरी परस्पर ठरवलं, एवढं तर दिसतंच. असं ठरवणारा स्वतःला कधी खलनायक समजत नाही. त्याच्या गोष्टीतला तारणहार तोच असतो. सुपरहिरोला मारायची मुभा द्या म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: ही मुभा फक्त खऱ्या तारणहारालाच मिळेल, याची हमी कोण देणार?

कोर्टं फार वेळ लावतात, हा आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३चा, निकाल १० मे २०२४चा. ही दिरंगाई संतापजनकच आहे. पण त्या निकालाने पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. मुखवटेवाल्याने त्या पाचांना पहिल्याच रात्री संपवलं असतं. मग तिघांविरुद्धचा पुरावा तोकडा पडतो, हे कुणाला कळलं असतं?

एक गोष्ट मी मान्य करतो. जीव वाचवायला दुसरा मार्गच उरला नसेल, तर हल्लेखोराला मारण्याचा हक्क कायदा साध्या माणसालाही देतो. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅन झॉडची मान मोडतो, तेव्हा समोर एक कुटुंब जळायच्या बेतात असतं. तिथे मी त्याला दोष देणार नाही. पण हात बांधलेल्या, पकडलेल्या माणसाला मारणं ही बचावाची बाब राहत नाही.

आणि न मारणारा नायक मिळमिळीत असतो, हे तर साफ खोटं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि मराठीतही आलं. त्यातला वेताळ गुंडाच्या हातातलं पिस्तूल उडवायचा, जबड्यावर कवटीची खूण उमटवायचा आणि त्याला जंगल गस्ती दलाकडे सोपवायचा. ती खूण जन्मभर जात नसे. मरणाहून ती शिक्षा जबर होती.

माझा खरा नायक मात्र आबिद सुरतींचा, १९७६ साली आलेला बहादूर. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो तो विशाल या पोलीस अधिकाऱ्याचा, ज्याने त्याला सांभाळलं त्याचाच. पण बापाचा मार्ग चुकीचा होता हे त्याला उमगतं. सूड सोडून तो नागरिक सुरक्षा दल उभं करतो. त्यात गावची माणसं आहेत, आणि बहादूरच्या तोंडावर मुखवटा नाही. आज मराठीत कुणी सुपरहिरो लिहायला बसणार असेल, तर मला या बहादूरचा वारस हवा आहे. त्याला नाव असू दे, पत्ता असू दे, आणि चुकला तर गावाला त्याच्या दारात जाऊन जाब विचारता येऊ दे.