कार्ड जुळले, पण गोळीचे काय?



बहरीनमध्ये 2004 साली 11 क्रमांकाचा कायदा झाला आणि लग्न करू इच्छिणाऱ्या बहरीनी जोडप्यांना आधी रक्ततपासणी सक्तीची झाली. तपासणी सक्तीची, निर्णय मात्र जोडप्याचा. सिकलसेल आजाराला इथे बोली अरबीतही ‘सिकलर’च म्हणतात. मी राहतो त्या झल्लाकसारख्या लहान गावातही हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉ. शेखा अल-अरय्यद यांच्या पुढाकाराने 1998-99 साली शाळांतल्या 5,685 विद्यार्थ्यांची तपासणी झाली, तेव्हा 1.2 टक्के मुले आजारी आणि 13.8 टक्के वाहक निघाली. 1980च्या दशकात नवजात बाळांत आजाराचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते. पुढच्या 25 वर्षांत ते अर्ध्या टक्क्याच्या खाली आले.

भारतानेही 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. उद्दिष्ट 2047चे, तपासायची माणसे 7 कोटी. तपासलेल्यांना कार्ड द्यायचे आणि लग्न ठरवताना दोघांची कार्डे ताडून पाहायची. आपल्यासारख्या पुरोगामी मंडळींना हे आवडण्याजोगेच आहे. पत्रिकेऐवजी रक्ताचा अहवाल! माझाही तपासणीला विरोध नाही. पण कार्ड हीच जणू मोहीम, असे चित्र उभे राहू लागले आहे, आणि तिथे मला अडायला होते. मुलाकडे कोणते जनुक आहे, एवढेच कार्ड सांगते. ते जनुक त्याच्या रक्तात काय करील, हे कार्डाला ठाऊक नसते.

थोडे विज्ञान पाहू. आपल्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार होतात. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्याला हिमोग्लोबिन-एफ म्हणतात. जन्मानंतर त्याचे जनुक हळूहळू बंद होते, आणि म्हणूनच सिकलसेलचा त्रास साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो. पण हे बंद होणे पूर्ण नसते. काही पेशींत ते जनुक थोडे उघडे राहते, शेजारच्या पेशीत नाही. दोन्हींतला डीएनए तोच, माणूस तोच, अस्थिमज्जाही तीच.

रक्ताच्या पेशींमधला हा योगायोग काही नवा शोध नाही. टोरांटोच्या टिल, मॅककुलोक आणि सिमिनोविच यांनी 1964 सालीच दाखवले होते की एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहतींत नव्या मूळपेशी किती निघतील याचा आकडा फार विखुरलेला असतो, आणि फाशांच्या खेळासारखे गणित मांडले तर तो बरोबर जुळतो. 2008 साली स्वी हुआंग यांच्या गटाने उंदराच्या रक्ताच्या पूर्वज पेशी घेतल्या, सगळ्या एकाच पेशीची लेकरे. तरी एका प्रथिनाचे प्रमाण त्यांच्यात सुमारे हजारपटीने कमीजास्त होते. कमी प्रथिनाच्या पेशी तांबड्या रक्ताकडे चटकन वळत होत्या, जास्तवाल्या पांढऱ्या पेशींच्या वाटेला. आणि टोकाच्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या, तर आठवड्याहून अधिक काळाने त्यांच्यात पुन्हा पहिल्यासारखीच विविधता आली!

सिकलसेलच्या मुलाला याचा अर्थ काय? समजा त्याच्या अहवालात हिमोग्लोबिन-एफ 20 टक्के आहे. ऐकायला उत्तम. पण हे 20 टक्के सगळ्या पेशींत सारखे वाटलेले असतील तर बहुतेक पेशी वाचतात. मोजक्या पेशींत साठलेले असतील तर उरलेल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने रात्रभर ओरडते. सरासरी दोन्हीकडे तीच.

इथेच बहरीन आणि विदर्भ एकत्र येतात. दोन्हीकडे सिकलच्या जनुकाचा बहुतांशी एकच प्रकार आढळतो, त्याला अरब-भारतीय म्हणतात. त्यात हिमोग्लोबिन-एफ जास्त असते, म्हणून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असे पुष्कळ वर्षे म्हटले गेले. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेली मुले मात्र खरोखर गंभीर आजारी होती. जमैकात 2005 साली एकसारख्या जुळ्यांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुळ्यांचे रक्ताचे आकडे बरेच सारखे, पण गुंतागुंत एकाला आणि दुसऱ्याला वेगवेगळी. हा सगळा फरक पेशींतल्या योगायोगाचाच आहे असे मी म्हणत नाही. थंडी, ताप, पाणी, दवाखान्याचे अंतर, सगळे त्यात आहे. पण जनुक म्हणजे विधिलिखित, ही समजूत इथे कोलमडते.

तरी आपल्या समाजाला रक्तात विधिलिखितच वाचायचे असते. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडच्या सिकलसेलविषयी लिहिले. पुढे भिल्ल, पावरा, माडिया, परधान समाजांत 20 ते 35 टक्क्यांपर्यंत वाहक सापडले. कारण मलेरिया: वाहकाला त्यापासून संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकले. पण आपल्याकडे त्याचा ‘त्यांचा आजार’ झाला. अशा समाजात कार्ड हातात दिले की ते कुणाची सोयरीक मोडायला वापरले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यातही मुलीची आधी. वाहक मुलगी निरोगी असते, हे सासरला कोण सांगणार?

आता गोळीकडे येतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध हिमोग्लोबिन-एफ वाढवते आणि ते असलेल्या पेशींची संख्याही वाढवते. म्हणजे फासा काढून घेत नाही, पण पारडे मुलाच्या बाजूला झुकवते. नागपूरला डॉ. जैन यांच्या गटाने गंभीर आजारी मुलांना किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम असा कमी, ठरावीक डोस देऊन पाहिला, आणि वेदनेचे झटके, रक्त चढवणे, दवाखान्यात भरती होणे, सगळे कमी झाले. रोजचा खर्च काही रुपये. अडचण साधी आहे: सर्रास मिळते ती 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल, आणि दहा किलोच्या मुलाला लागतात 100. शिवाय अधूनमधून रक्ताची मोजणी करावी लागते आणि औषध खंडित होऊन चालत नाही.

दुसरे टोकही बहरीननेच दाखवले. 2 डिसेंबर 2023 रोजी, अमेरिकेच्या काही दिवस आधी, इथे ‘कॅसजेव्ही’ला मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. यात रुग्णाच्या मूळपेशी काढून, हिमोग्लोबिन-एफ दाबून ठेवणाऱ्या बीसीएल11ए या जनुकाचा रक्तपेशींपुरता खटका कापतात आणि पेशी परत देतात. मग जवळजवळ सगळ्याच तांबड्या पेशींत ते हिमोग्लोबिन येते. योगायोगाला जागाच उरत नाही म्हणा ना. अमेरिकेतली छापील किंमत 22 लाख डॉलर. गडचिरोलीच्या संदर्भात याविषयी आज बोलण्यात अर्थ नाही.

मोहिमेत हायड्रॉक्सीयुरिया आहे, हे मान्य. पण जाहीर होतात ते किती तपासले आणि किती कार्डे वाटली याचे आकडे. माझी मागणी एका वेगळ्या आकड्याची आहे: निदान झालेल्या किती मुलांना सलग बारा महिने औषध मिळाले आणि त्यांची रक्तमोजणी झाली? जिल्हावार, दरवर्षी. आपल्यातले अनेकजण विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या संस्थांना पैसे पाठवतात. या वर्षी धनादेशाबरोबर हा एक प्रश्नही पाठवावा, आणि शिबिराच्या फोटोऐवजी या प्रश्नाचे उत्तर मागावे.