तिकिटावरील वेळ आणि प्रवासाची वेळ

मुंबई व न्यूयॉर्क या विमानतळांतील अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. सपाट नकाशावरील सरळ रेषा अरबस्तान, आफ्रिका व अटलांटिकवरून जाते. परंतु पृथ्वी गोल असल्याने खरा जवळचा मार्ग उत्तरेकडून कमान घेतो. थेट विमानास जाताना साधारण 16 तास लागतात, परतताना सुमारे 14. कारण उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

तिकीट वाचताना मात्र वडीलधारी मंडळी हमखास चकतात. हिवाळ्यात मुंबईहून रात्री 1 वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 6.30 च्या सुमारास उतरते. हिशेब साडेपाच तासांचा दिसतो. साडेदहा तासांचा कालभेद त्यात दडलेला असतो. त्यावर विसंबून मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे मोठ्या सामानात टाकणे धोक्याचे ठरते. मुला-नातवंडांना भेटावयास निघालेल्या आजी-आजोबांनी औषधे हाताशी ठेवावीत. घड्याळ बदलले तरी दोन मात्रांमध्ये किती तासांचे अंतर राखावे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. अधूनमधून उठून चालावे, पाणी पीत राहावे.

घरी राहिलेल्यांनीही सकाळपासून फोनकडे डोळे लावून कासावीस होऊ नये. विमान उतरेल तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे 5 वाजलेले असतील.