प्रवेश उजेडात, परीक्षा काळोखात

स्वीडनमधील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी परदेशी विद्यार्थ्यांनी अर्ज करण्याची मुदत दरवर्षी जानेवारीच्या मध्यास संपते. पुण्या-मुंबईतील मुले ज्या आठवड्यात हे अर्ज भरत असतात, त्याच आठवड्यात स्टॉकहोममध्ये दुपारी साडेतीनच्या आतच सूर्य मावळलेला असतो. मात्र प्रवेश मिळालेला विद्यार्थी तेथे पोहोचतो तो ऑगस्टच्या अखेरीस. तेव्हा रात्री आठपर्यंत उजेड असतो, तळ्याकाठी लोक पहुडलेले असतात आणि घरी पाठविलेल्या छायाचित्रांतून सारे काही सुरळीत असल्याचे दिसते. स्कँडिनेव्हियाची खरी ओळख त्यानंतर होते. ती होण्याआधीच पहिल्या सत्राचे शुल्क भरून झालेले असते.

या प्रदेशाकडे भारतीय विद्यार्थी वळले त्यामागे एकेकाळी सरळ हिशेब होता. तेथे शिक्षण मोफत होते. डेन्मार्कने २००६ मध्ये युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लावले, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि अखेर नॉर्वेनेही २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. (भूगोलाच्या काटेकोर व्याख्येत फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण हिवाळ्याला ही व्याख्या ठाऊक नाही.) आज स्वीडनमध्ये अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाकाठी दीड लाख क्रोनरच्या आसपास शुल्क पडते. त्याखेरीज दरमहा दहा हजारांहून अधिक क्रोनर निर्वाहासाठी जवळ असल्याचा पुरावा दिल्याविना निवास परवाना मिळत नाही. २०१० पूर्वी गेलेला विद्यार्थी फार तर एक वर्ष वाया घालवून परत येऊ शकत होता. आजचा विद्यार्थी कर्ज काढून जातो आणि त्या कर्जाचे व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. हिवाळा पूर्वी होता तसाच आहे. त्याला तोंड देणाऱ्याची परिस्थिती पार बदलली आहे.

घरून होणारी तयारी मात्र अजूनही थंडीचीच असते. जाड जाकीट, लोकरी मोजे, कानटोपी, आईने बांधून दिलेला मेतकुटाचा डबा. यात गैर काही नाही, पण त्या देशांनी थंडीचा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. घरे दुहेरी-तिहेरी काचांची, शहरभर गरम पाण्याचे नळ फिरवून उबदार ठेवलेली. खोलीत वीस-एकवीस अंश तापमान असते आणि पुण्यातील डिसेंबरच्या पहाटेपेक्षा तेथे अंथरुणातून उठणे सोपे जाते. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा अडविणारा थर हे तंत्र आठवडाभरात अंगवळणी पडते. बर्फावर घसरून हात मोडू नये म्हणून बुटांना खिळ्यांचे पट्टे लावावे लागतात, हेही पहिल्या आपटीनंतर कळते.

कठीण असतो तो काळोख. शरद ऋतूत स्टॉकहोमचा दिवस रोज पाच मिनिटांहून अधिक आखडत जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम दुपारवर येऊन आदळते. डिसेंबरच्या मध्यास तेथे जेमतेम सहा तासांचा दिवस उरतो. उत्तरेकडील उमिओ शहरात तो साडेचार तासांचा होतो, तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. वर्षातील सर्वांत लहान दिवशीही मुंबईत अकरा तासांच्या आसपास उजेड असतो. तेथून गेलेल्या मुलाच्या शरीराला याची कोणतीही पूर्वतयारी नसते.

उत्तरेपेक्षा दक्षिण सुसह्य, हा समजही पुरता खरा नाही. उत्तरेला बर्फ टिकतो आणि दिव्यांचा, चंद्राचा उजेड परावर्तित करून रस्ते उजळतो. दक्षिणेतील लुंड किंवा कोपनहेगनमध्ये बर्फाऐवजी पाऊस आणि वारा असतो. आठवडेच्या आठवडे आकाश करडे राहते. तापमापक पाहून विद्यापीठ निवडणाऱ्यांच्या हे ध्यानी येत नाही.

ऋतुबदलाने येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. उमिओच्या वीज कंपनीने २०१२ मध्ये बसथांब्यांवर प्रकाशोपचाराचे दिवे बसविले, यावरून स्थानिकांनाही हा काळ जड जातो हे दिसते. ऑक्टोबर ते मार्च या काळात तेथील ऊन इतके तिरपे असते, की त्यातून शरीराला डी जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. सावळ्या कातडीला तर त्याची अधिकच वाण पडते. सतत झोप येणे, भूक बदलणे, वर्ग बुडविणे ही लक्षणे मुलाला स्वतःला आळसाची वाटतात आणि घरच्यांना बेफिकिरीची. दोघांनाही त्यामागचा उजेडाचा संबंध सुचत नाही.

शिक्षणपद्धतीही या एकटेपणात भर घालते. वर्गातील तास कमी, स्वाध्याय जास्त. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची मुभा असते, पण हजेरी घेणारे कोणी नसते. दिवसाचे वेळापत्रक ज्याचे त्याने आखायचे. सकाळी नऊ ते पाच महाविद्यालयात बसण्याची सवय असलेल्या मुलाला नोव्हेंबरात दोन-दोन दिवस खोलीबाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. घड्याळे मागे गेल्यामुळे भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते. तेथे रात्रीचे आठ वाजून बोलावेसे वाटते, तेव्हा घरी मध्यरात्र उलटलेली असते.

व्यवहाराची घडी बसायलाही हाच काळ लागतो. वर्षभर वा अधिक काळ राहणाऱ्यास कर खात्याकडून व्यक्तिगत क्रमांक मिळतो. तो हाती आला की बँकेचे खाते, त्यावर बँकआयडी ही डिजिटल ओळख, आणि मग मोबाईलवरून पैसे देण्याची सोय. रोख रक्कम जवळपास हद्दपार झालेल्या देशात हा क्रमांक हाती येईपर्यंत माणूस अर्धवटच अस्तित्वात असतो. घरांचा प्रश्न त्याहून बिकट. विद्यार्थी निवासांच्या प्रतीक्षायादीत जितके दिवस काढले तितका हक्क मोठा, हा स्टॉकहोमचा नियम नुकत्याच आलेल्या परदेशी विद्यार्थ्यासाठी निरुपयोगी ठरतो. काही विद्यापीठे शुल्क भरणाऱ्यांना पहिल्या वर्षी खोलीची हमी किंवा अग्रक्रम देतात. सगळी देत नाहीत. हा एक मुद्दा विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकापेक्षा महत्त्वाचा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. ऐन डिसेंबरात खोली बदलण्याची वेळ आलेल्या मुलाच्या अभ्यासाचे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

अर्धवेळ कामाचा आधार भारतात गृहीत धरला जातो. पण स्थानिक भाषा न येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा साफसफाई किंवा सायकलवरून जेवण पोहोचविणे येते, आणि हे दुसरे काम निसरड्या रस्त्यांवर करायचे असते. दुसऱ्या सत्राचे शुल्क, पहिल्या सत्राची जानेवारीतील परीक्षा आणि सर्वांत अंधारे आठवडे हे तिन्ही एकाच वेळी येतात. मधल्या नाताळात स्थानिक मुले घरी जातात, सामाईक स्वयंपाकघरे ओस पडतात, दुकाने बंद होतात. विमानाचे भाडे न परवडणारे मागे राहतात.

यातून तरून जाणाऱ्यांचे मार्ग फारसे रहस्यमय नाहीत. स्वीडिश माणूस आपणहून दार ठोठावत नाही. त्याची मैत्री संस्थेतून होते. उप्साला आणि लुंड येथील ‘नेशन’ नावाची जुनी विद्यार्थी मंडळे, गायनवृंद, खेळांचे क्लब यांत नाव नोंदविणारा लवकर रुळतो. भारतीय मुलांचे कंपू डाळ-भाताची सोय करतात, गणपतीही बसवितात. पण केवळ तेवढ्यावर विसंबणाऱ्याची भाषा सुधारत नाही आणि पदवीनंतर नोकरी शोधताना ती उणीव नडते. दुपारी बारा ते एक हा तास काहीही झाले तरी बाहेर काढायचा, ही स्थानिकांची शिस्त आहे. विद्यापीठांच्या विद्यार्थी आरोग्य केंद्रांत समुपदेशन विनामूल्य मिळते. तेथे जाणे म्हणजे ‘वेड लागणे’ नव्हे, हे मात्र मुलाला निघण्यापूर्वी घरातच कोणीतरी सांगावे लागते.

स्वीडनमधील प्रवेशांचे निकाल मार्चच्या अखेरीस लागतात. शुल्क भरण्यापूर्वी मिळणाऱ्या त्या थोड्या आठवड्यांत पालकांनी विद्यापीठाला पत्र लिहून खोलीची हमी किती महिन्यांची आहे, दुसरा हप्ता कोणत्या तारखेला भरायचा आणि समुपदेशकाची भेट किती दिवसांत मिळते, एवढे विचारून घेण्यास काहीच हरकत नाही. लेखी प्रश्नांना लेखी उत्तरे देण्याची तेथे पद्धत आहे. स्टॉकहोमचा दिवस पुन्हा दहा तासांचा होतो तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. तोवर पहिल्या सत्राचा निकाल हाती आलेला असतो.