सोने तेवढेच, मग काटा वेगळा का?



समजा, लंडनला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत औरंगाबादला (छत्रपती संभाजीनगर) येताना एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला. तिथे असताना त्याने तो प्रमाणित वजन ठेवून बरोबर जुळवलेला. घरी अम्मीने सराफ्यातून घेतलेल्या बांगड्या त्यावर ठेवल्या. पावतीवर 100 ग्रॅम आहेत. काटा दाखवतो 99.72. म्हणजे पाव ग्रॅमहून जास्त सोने कमी! आजच्या भावात ही काही लहान रक्कम नाही. घरात लगेच कुजबुज सुरू होते, "सराफाने फसवले."

थांबा. बदगुमानी करण्याआधी थोडे विज्ञान पाहू.

इलेक्ट्रॉनिक काटा वस्तूत किती सोने आहे हे मोजत नाही. पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने खाली ओढते, तो दाब तो मोजतो आणि त्यावरून ग्रॅमचा आकडा दाखवतो. दहावीच्या विज्ञान भाग 1 मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. त्यात मुले शिकतात की वस्तुमान सगळीकडे सारखे राहते, वजन मात्र जागेप्रमाणे बदलते. असे का होते?

पहिले कारण, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने फिरते, आपल्या शहराची सुमारे 1570 आणि ध्रुवावरची जवळजवळ शून्य. फिरणाऱ्या वस्तूला गोल वाटेवर धरून ठेवायलाही ओढ लागते. पृथ्वीच्या ओढीतला थोडासा भाग त्यात खर्च होतो आणि काट्यावर तेवढा दाब कमी पडतो.

दुसरे कारण, पृथ्वीचा आकार. ती चेंडूसारखी पूर्ण गोल नाही. फिरण्यामुळेच ती मध्ये फुगलेली आणि ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या 6378 किलोमीटर, ध्रुवाकडची 6357. म्हणजे विषुववृत्तावरचा माणूस केंद्रापासून 21 किलोमीटर जास्त दूर असतो.

दोन्ही कारणे मिळून फरक पडतो सुमारे अर्धा टक्का, आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा फिरण्याचा. विषुववृत्तावर 60 किलो दाखवणारा काटा तसाच उचलून ध्रुवावर नेला, तर त्याच माणसाचे वजन तो 300 ग्रॅमने जास्त दाखवील. लंडन ध्रुवाला आपल्यापेक्षा बरेच जवळ. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचावर. म्हणून इथली ओढ लंडनपेक्षा पाव टक्क्याहून किंचित अधिक कमी आहे. काट्याचे 28 सेंटिग्रॅम गेले ते इथेच. सोने जागेवर आहे आणि सराफही खरा आहे.

युरोपात ही गोष्ट लक्षात आली ती 1672 मध्ये. ज्याँ रिशे हा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसहून लंबकाचे घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. विषुववृत्ताजवळच्या त्या गावी घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पुढे न्यूटनने त्याचा अर्थ लावला.

त्याच्याही साडेपाचशे वर्षे आधी, 1121 मध्ये, मर्व शहरात अल-खाझिनी यांनी ‘मीझान अल-हिक्मा’ हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे वजन बदलते, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. दूर गेल्यावर वजन वाढते असे मात्र ते समजत होते, प्रत्यक्षात ते घटते. आपल्या बुजुर्गांचा अभिमान जरूर बाळगावा, पण जेवढे खरे तेवढेच सांगावे. मापाचा इन्साफ इतिहासालाही लागू आहे.

मग खरे माप कसे मिळवायचे? जुना दोन पारड्यांचा तराजू इथे कधी चुकत नाही, कारण ओढ कमी झाली तर दोन्ही पारड्यांत सारखीच कमी होते. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र जिथे वापरायचा, तिथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवावा लागतो. दुकानदारांच्या अशा काट्यांची वैधमापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी आणि मुद्रांकन होते. सोने घेताना काट्यावरची मोहोर पाहणे आणि शंका आली तर प्रमाणित वजन ठेवून दाखवा म्हणणे, हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. माप मारणाऱ्यांना कुरआनात किती कडक इशारा आहे, हे सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्याला माहीत आहे. तो इशारा हेतूपुरस्सर कमी देणाऱ्यासाठी आहे. आपण मात्र पुरावा नसताना कोणाला त्या रांगेत उभे करू नये.

जाता जाता जकातीचा हिशेब. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम. लंडनच्या काट्याने त्यात पाव ग्रॅमचा फरक पडेल. पण बाजारात आज 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात. त्या तोळ्याने हिशेब केला तर निसाब 75 ग्रॅमच निघतो, म्हणजे साडेबारा ग्रॅमची तफावत! म्हणून हिशेब नेहमी ग्रॅममध्ये करावा.

घरात इलेक्ट्रॉनिक काटा असेल, तर मुलांना एकदा त्यावर प्रमाणित वजन ठेवून पाहायला सांगा. पृथ्वीचे फिरणे डोळ्यांना दिसत नाही, पण काट्याला ते जाणवते, हे त्यांना कळेल.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.