मुलाच्या हातातील पुस्तक

गेल्या आठवड्यात बऱ्हाणपूरच्या एका कुटुंबात आम्ही चहाला गेलो असता घरच्या बाईंनी आमच्यापुढे एक तक्रार मांडली. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' (२००८) ही कादंबरी रात्र रात्र वाचीत बसतो. "सरकारविरुद्ध उठणारी पोरे! असली पुस्तके घरात असू द्यावीत काय?" असा त्यांचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. या कथेतील राजसत्ता दरवर्षी १२ प्रांतांतून १२ ते १८ वर्षांची २४ मुले मागून घेते आणि एकच उरेपर्यंत त्यांना झुंजावयास लावते. देशाचे नाव पानेम, म्हणजे लॅटिनमध्ये भाकरी. भाकरी आणि खेळ देऊन प्रजेला गप्प ठेवण्याची रोमची रीत लेखिकेने त्यात सुचविली आहे. त्या रोमच्या रिंगणात कोणाचे रक्त सांडले, हे आपल्या घरांतून सांगावयास नको.

परंतु अशी मुले केवळ कल्पनेतली नव्हेत. भुसावळला गाडी बदलून नंदुरबारला जाणारे आपल्यापैकी अनेक आहेत. त्याच गावी ९ सप्टेंबर १९४२ रोजी पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता तिरंगा हाती घेऊन मिरवणुकीत निघाला आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे त्याचे सोबतीही त्या गोळीबारात कामी आले. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत, २७ ऑक्टोबरला, बर्लिनमध्ये सतरा वर्षांच्या हेल्मुट ह्यूबेनरचा नाझी सरकारने शिरच्छेद केला. चोरून ऐकलेल्या परदेशी रेडिओच्या बातम्या पत्रकांवर टंकलिखित करून वाटणे, हा त्याचा अपराध!

कादंबरीची नायिका धनुष्य उचलते. या मुलांच्या हाती ध्वज आणि कागद एवढेच होते. नायिका शेवटच्या पानापर्यंत जगते. ही मुले जगली नाहीत. हा भेद मुलांना अवश्य सांगावा. शिवाय तिसऱ्या भागात बंडवाल्यांची पुढारीणही जिंकल्यावर शत्रूंच्या मुलांसाठी तेच खेळ मांडू पाहते. अन्याय केवळ एका पक्षाचा मक्ता नसतो, हे लेखिकेनेच दाखविले आहे.

म्हणून आम्ही त्या माउलीस म्हणालो, "बाई, पुस्तक हिसकावू नका, आपणही वाचा आणि रात्रीच्या जेवणानंतर त्याच्याशी बोला."

यावर त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "आणि उद्या तो मलाच उलटून बोलू लागला तर?"

खरी अडचण इथेच आहे. आपणांस आज्ञाधारक मुले हवी असतात, आणि ती असावीतही. परंतु "आई, हे मला न्यायाचे वाटत नाही," असे जो मुलगा घरात नम्रपणे म्हणू शकत नाही, तो बाहेर बलवंतापुढे कसा म्हणणार? सदसद्विवेक घरातच बोलावयास शिकतो. त्याचे बोलणे पहिल्यांदा ऐकून घेण्याचे धैर्य मात्र आईबापांना दाखवावे लागते.